सायनोटाइप: निळा रंग पाण्यात उतरतो, पांढरं पांढरं राहत नाही. चुकतंय कुठे?

उन्हाचा_कवडसा (धागाकर्ता)

मुलांच्या सुट्टीतल्या वर्गासाठी सायनोटाइप (लेप लावलेल्या कागदावर उन्हाने निळं चित्र छापायची रीत) बसवायचं आहे. द्रावणं अशी: फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिली पाण्यात. दोन्ही समभाग मिसळून ब्रशने कागदावर. संध्याकाळी लेप, रात्रभर वाळवण, सकाळी साडेनऊला दहा मिनिटं ऊन, मग बोअरच्या पाण्यात धुणं. झाडाची पानं ठेवून केलं आणि ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) लेझर प्रिंटरने छापलेली निगेटिव्ह, म्हणजे काळं-पांढरं उलटं केलेला फोटो, ठेवूनही केलं.

तीन अडचणी येतायत.

उन्हातून आणल्यावर चित्र झक्क दिसतं, पाण्यात टाकलं की निम्मा निळा तबकात उतरतो. झेरॉक्सच्या कागदावर तर जवळपास सगळाच.

पानाची जागा पांढरी न राहता आकाशी होते. तीही सगळीकडे सारखी नाही, पानाच्या कडेला जास्त.

फोटोवरून केलेल्या चित्रात मधल्या छटाच नाहीत. चेहऱ्याचे डोळे आणि मिशा तेवढ्या उरतात, गाल-कपाळ कोरं.

कागद तीन प्रकारचे वापरले: झेरॉक्सचा ७५ जीएसएम, शाळेतला चित्रकलेचा कार्ट्रिज कागद आणि दुकानदाराने 'ॲसिड-फ्री, उत्तम' म्हणून दिलेला जाड कागद. गंमत म्हणजे कार्ट्रिजवर त्यातल्या त्यात बरं आलं, आणि महागडा सगळ्यात वाईट. रसायनं भेसळीची असतील का?

राखाडी_छटा

रसायनांवर संशय नको. तुमची द्रावणं पिवळी-हिरवी आणि नारिंगी-पिवळी दिसत असतील, एकत्र केल्यावर लिंबाच्या सालीसारखा रंग येत असेल, तर माल ठीक आहे. दोष आहेत कागदात, वेळेत आणि पाण्यात. महागडा कागद वाईट निघाला याचंही कारण सरळ आहे.

आधी आत काय होतं ते बघा, म्हणजे तिन्ही तक्रारी एका सूत्रात येतील. लेपातलं लोह सुरुवातीला फेरिक रूपात असतं. अतिनील प्रकाश पडला की सायट्रेटच्या मदतीने ते फेरस होतं, आणि तेच फेरस लोह फेरिसायनाइडला भेटून प्रशियन ब्लू बनतो. हा निळा पाण्यात विरघळत नाही, धाग्यांत अडकून बसतो. प्रकाश न पडलेला लेप मात्र पाण्यात सहज विरघळतो आणि वाहून जातो. म्हणजे धुताना पिवळं पाणी निघणं बरोबर. निळं पाणी निघालं तर एक तर निळा पुरेसा बनलाच नाही, किंवा बनला पण कागदाने धरला नाही.

आता कागद. प्रशियन ब्लू आम्लात टिकतो, अल्कलीत मरतो. झेरॉक्सच्या कागदात भरीला कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे खडूच. 'ॲसिड-फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कागदांत तेच मुद्दाम घातलेलं असतं, कारण कागद वर्षानुवर्षं पिवळा पडू नये. जलरंगाला ते वरदान, आपल्याला विष. ओल्या लेपाशी खडू भांडतो, निळा बनतानाच तुटतो, उरतो लोखंडाच्या गंजाचा पिवळट डाग. तपासायची सोपी रीत: कागदाच्या कोपऱ्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले तर तो कागद बाजूला ठेवा.

तोच कागद वापरायचा असेल तर सल्फॅमिक ॲसिडच्या १० टक्के द्रावणात (लिटरला १०० ग्रॅम) बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायचा, दोन पाण्यांनी धुवायचा, वाळवायचा आणि मग लेप लावायचा. फरशीचे क्षार काढायला हे ॲसिड विकतात. हातमोजे घाला, आणि हे काम मुलांच्या हाती देऊ नका. वर्गासाठी सोपा मार्ग म्हणजे कापसाच्या लगद्याचा, भर न घातलेला हातकागद. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून चालू असलेल्या हातकागद संस्थेत असे कागद मिळतात. तरी प्रत्येक खेपेला थेंब टाकून बघाच, हातकागदाच्या दोन खेपा सारख्या नसतात.

दुसरा दोष वेळेचा. सकाळी साडेनऊच्या तिरक्या उन्हात अतिनील कमी असतो, त्यात दहा मिनिटं म्हणजे अर्धवट भाजलेली भाकरी. घड्याळाकडे बघू नका, लेपाचा रंग बघा. पिवळा-हिरवा लेप आधी हिरवा होतो, मग निळसर, मग गडद निळा. इथे सगळे फसतात, कारण चित्र याच वेळी सगळ्यात सुंदर दिसतं. थांबायचं त्यापुढे: गडद भाग राखाडी होऊन जस्ताच्या जुन्या पत्र्यासारखे दिसू लागले आणि त्यावर किंचित तांबूस झाक आली की कागद उचलायचा. ही राखाडी झाक म्हणजे बिघाड नव्हे. भरपूर प्रकाशाने तिथला प्रशियन ब्लू आणखी एक पायरी पुढे जाऊन रंगहीन झालेला असतो. धुतल्यावर हवेतला ऑक्सिजन लागला की तो पुन्हा निळा होतो, आधीपेक्षा खोल.

अंदाज द्यायचा तर एप्रिलच्या भर दुपारी सहा ते दहा मिनिटं, डिसेंबरच्या सकाळी वीसच्या पुढे, ढगाळ हवेत पाऊण तासही. पण अंदाजावर जाऊ नका, पट्टी काढा. लेप लावलेली तीन सेंटिमीटर रुंदीची पट्टी उन्हात ठेवायची, तिच्यावर पुठ्ठा धरून दर चार मिनिटांनी थोडा थोडा सरकवायचा. चार, आठ, बारा, सोळा, वीस असे पाच टप्पे मिळतात. धुवा, वाळवा, मग ठरवा. ओली पट्टी बघून ठरवू नका. वाळल्यावर ती एक छटा गडद होते.

तबकडी_७८

वरच्या प्रतिसादाला जोड: धुतल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात टाका, निळा दुप्पट होतो. औषधाच्या दुकानात मिळतं.

राखाडी_छटा

@तबकडी_७८, दुप्पट होत नाही. जो निळा हवेने चोवीस तासांत होणार तोच दहा सेकंदांत होतो, एवढंच. लिटरभर पाण्यात दुकानातल्या ६ टक्क्यांच्या बाटलीतलं १०-२० मिली पुरे. वर्गात याचा फायदा खरा आहे, कारण फिकट राखाडी कागद मुलांच्या डोळ्यांदेखत गर्द होतो. पण कमी ऊन दिलेलं चित्र यातून वाचत नाही. जे बनलंच नाही ते गर्द कसं होणार?

कापूसकागद

दुसऱ्या तक्रारीबद्दल, म्हणजे आकाशी झालेल्या पांढऱ्याबद्दल.

रात्रभर वाळवण हे पहिलं कारण. लेप ओलसर राहिला की अंधारातही हळूहळू निळा पडत जातो. लेप लावलेला कागद सकाळी लिंबाच्या रंगाऐवजी शेवाळी दिसत असेल तर तो आधीच वाया गेला. लेप पातळ द्या. ए-४ आकाराला ब्रशने साधारण ३ मिली मिश्रण भरपूर झालं. आधी आडवा हात, लगेच उभा हात, थारोळं कुठेही साचू द्यायचं नाही. ब्रशचा पत्रा लोखंडी असेल तर तो आधी बदला. त्याच्याशी द्रावणाची क्रिया होऊन लेपात निळे ठिपके येतात. स्पंजचा ब्रश बरा. मग पंख्याखाली अंधाऱ्या खोलीत वीस-तीस मिनिटं. केस वाळवायचं यंत्र चालेल, पण थंड हवेवर. गरम हवेनेही लेपावर निळी झाक धरते. त्याच दिवशी वापरून टाका.

अंधारी खोली म्हणजे काळोख नव्हे. पिवळसर एलईडीचा कमी वॅटचा दिवा चालतो. जुनी ट्यूबलाइट नको, तिच्यात थोडा अतिनील असतो. खिडकीला एक जाड चादर पुरते.

पानाच्या कडेचा निळा मात्र वेगळा. पान कागदावर नीट टेकलेलं नसतं, तिरकं ऊन खालून शिरतं. शिवाय ताजं पान उन्हात पाणी सोडतं, ते लेपात उतरतं आणि तिथे डाग येतो. पानं आदल्या दिवशी वर्तमानपत्रात घालून पाटा-वरवंट्याखाली दाबून ठेवा. मग खाली प्लायवूड, त्यावर पातळ फोम, मग कागद, पान आणि वर ४ मिमीची साधी काच. चारही बाजूंना काळ्या चिमट्यांनी घट्ट. साध्या काचेतून आपल्याला लागणारा अतिनील बऱ्यापैकी जातो. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली काच मात्र अतिनील अडवते. ॲक्रिलिकचं काही सांगता येत नाही, पट्टी काढूनच बघावं लागतं. आणि सूर्य काचेच्या समोर आला पाहिजे: चौकट जमिनीवर आडवी न ठेवता भिंतीला टेकवून सूर्याकडे तोंड करा, चौकटीच्या मागे सावली सरळ पडली की कोन बरोबर.

पांढरं मळायचं तिसरं कारण बोअरचं पाणी. जड पाणी बहुधा अल्कलीकडे झुकलेलं असतं, त्यात लोह सुटायच्या आधीच गंजासारखं बसतं आणि पांढऱ्यावर पिवळट झाक येते. पहिल्या पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) टाका, लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. कागद त्यात पालथा टाकून दोन-तीन मिनिटं हलवत राहा, मग साध्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं, पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत. तासभर नळाखाली ठेवू नका, हलका निळा निघून जातो. हेच लिंबूफूल मधल्या छटाही थोड्या लांबवतं, म्हणजे तिसऱ्या तक्रारीलाही उपयोगी.

उलट_सुलट

तिसरी तक्रार माझ्या प्रांतातली.

डोळे आणि मिशाच उरल्या, याचा अर्थ नीट लावा. निगेटिव्हमध्ये डोळे-मिशा पारदर्शक, गाल-कपाळ काळं. पारदर्शक भागातून दहा मिनिटांत जेमतेम निळा बनला, काळ्यातून काहीच पोचलं नाही. म्हणजे ऊन कमी पडलं, हे झालंच. पण ऊन वाढवल्यावरही गाल कोरेच राहिले, तर निगेटिव्ह कागदाला पेलण्यापेक्षा जास्त दाट आहे. लोक इथे उलटं समजतात आणि निगेटिव्ह आणखी गडद करतात.

क्रम असा ठेवा. आधी कोरी ओएचपी शीट लेपाच्या पट्टीवर ठेवून पट्टी-चाचणी करा. टप्पे वाढत जातील तसा निळा गडद होत जाईल, आणि एका टप्प्यानंतर पुढच्या दोन टप्प्यांत फरक दिसेनासा होईल. तो पहिला टप्पा तुमची मूळ वेळ. त्या उन्हात, त्या कागदावर, त्या शीटला तीच वेळ. आता घड्याळाला हात लावायचा नाही, जे काही बदलायचं ते निगेटिव्हमध्ये.

मग अकरा चौकोनांची एक पट्टी बनवा, शून्यापासून शंभर टक्के काळ्यापर्यंत दहा-दहाने. शीटवर छापा, मूळ वेळ द्या, धुवा, वाळवा. समजा साठ टक्क्यांचा चौकोनच कोरा पांढरा आला, तर त्यापुढचे चारही चौकोन तुमच्या निगेटिव्हमध्ये फुकट आहेत. फोटोतला सगळ्यात उजळ भाग निगेटिव्हमध्ये साठच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. गिम्पसारख्या फोटो सुधारायच्या फुकट प्रणालीत हे सहज होतं: फोटो कृष्णधवल करा, रंग उलटे करा, मग 'लेव्हल्स'मध्ये खालच्या पट्टीचं काळं टोक आत सरकवा. शेवटी चित्र आरशासारखं उलटं फिरवा. फिरवायचं कारण असं की छापलेली बाजू लेपाला चिकटून ठेवायची. शीटची जाडी मध्ये आली तर कडा पसरट येतात.

लेझरच्या शीटमध्ये टोनरला (छपाईच्या काळ्या पुडीच्या थराला) टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, ती गडद निगेटिव्हमध्ये तारे उगवल्यासारखी दिसतात. दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवल्या की भोकं झाकली जातात, पण दाटपणाही दुप्पट होतो, चौकोनांची पट्टी पुन्हा काढावी लागते. इंकजेट चांगला, पण त्याची शीट वेगळी आणि शाईची बाजू खरखरीत. आणि एक: इंकजेटची शीट लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. ती आत वितळून रोलरला गुंडाळते, आणि झेरॉक्सवाला तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

पैसे वाचवायचे तर साध्या कागदावर छापा आणि मागून खोबरेल तेल चोळून अर्धपारदर्शक करा, जास्तीचं टिपून घ्या. झेरॉक्सच्या कागदात पांढरेपणासाठी जे घालतात ते अतिनील शोषतं, म्हणून वेळ कित्येक पटींनी वाढते. ट्रेसिंग पेपर यापेक्षा बरा. सगळ्यात सुंदर निगेटिव्ह मात्र बहुतेकांच्या कपाटात पडलेली असते: जुना एक्स-रे. हाडांची जागा फिल्मवर उजळ असते म्हणून हाडं निळी उमटतात, आजूबाजूचं काळं पांढरं होतं. हाताच्या एक्स-रेवर मुलं खूश होतात. फक्त त्यावरचं नाव-गाव झाकून घ्या.

उन्हाचा_कवडसा (धागाकर्ता)

खूप उपयोगी. व्हिनेगरचा थेंब टाकला, 'उत्तम' कागद अक्षरशः फसफसला. कार्ट्रिजवर काही नाही! रंगाचं कोडं सुटलं.

आणखी दोन गोष्टी: पावसाळ्यात हे चालू ठेवता येईल का? आणि तपकिरी रंग चहाने आणतात म्हणे, ते आणि टी-शर्टवर छापणं कसं?

कापूसकागद

पावसाळ्यात दोन शत्रू, दमट हवा आणि ढग. लेप वाळल्यावर कागद लगेच सिलिका जेलच्या पुड्यांसह काळ्या पिशवीत बंद करा. नाहीतर तासाभरात हिरवा पडतो. निगेटिव्ह ओलसर लेपाला चिकटली तर टोनर उखडून येतो, शंका असेल तर मध्ये अगदी पातळ पारदर्शक फिल्म ठेवा.

उजेडासाठी ३६५ ते ४०० नॅनोमीटरचा दिवा. माशा पकडायच्या यंत्रातल्या निळसर ट्यूब साधारण ३६५च्या असतात, चार ट्यूब शेजारी शेजारी बसवल्या की ए-४ला सारखा प्रकाश मिळतो. नेलपॉलिश वाळवायच्या दिव्यात पोस्टकार्डएवढं चित्र होतं. अंतर बदललं की वेळ बदलते, म्हणून अंतर पक्कं करा आणि पुन्हा पट्टी काढा. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली अतिनील नळी मात्र अजिबात वापरू नका. ती २५४ नॅनोमीटरची, डोळ्यांना आणि कातडीला इजा करते, आणि काचेतून तिचा प्रकाश जातच नाही, म्हणजे उपयोगही शून्य.

हिरडा_बेहडा

चहाबद्दल. नुसत्या चहात बुडवलं तर निळा काळपट होतो आणि कागद मळकट. नीट तपकिरी-काळा हवा असेल तर आधी धुण्याचा सोडा, लिटरला ५ ग्रॅम. चित्र त्यात टाकलं की काही सेकंदांत निळा फिका होऊन पिवळट होत जातो. किती जाऊ द्यायचा यावर शेवटचा रंग ठरतो, अर्धवट काढलं तर निळा-काळा दुरंगी मिळतो. लगेच साध्या पाण्यात धुवा, सोडा राहिला तर पुढे पिवळे डाग. मग टॅनिनचं पाणी. चहापेक्षा हिरडा चांगला: काष्ठौषधीच्या दुकानातली हिरडा पूड ३० ग्रॅम लिटरभर पाण्यात उकळा, मलमलमधून गाळा, कोमट झाल्यावर चित्र त्यात अर्धा तास. लोह आणि हिरड्याचं टॅनिन मिळून काळा होतो. पूर्वी शाई करायची रीत हीच, म्हणून हा काळा टिकतो. चित्र टोन करायच्या (असा रंग बदलायच्या) आधी दोन दिवस हवेत राहू द्या आणि थोडं जास्तच गडद छापा, सोड्यात थोडं जातंच.

कापड: नवं मांजरपाट थेट वापरू नका, त्यात खळ असते. गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, इस्त्री करा. पॉलिएस्टरवर निळा धरत नाही, शंभर टक्के सुती हवं. कापड द्रावण जास्त पितं. छापल्यावर धुताना कपड्यांची पावडर, सोडा, ब्लीच काहीही नको, एका धुण्यात चित्र पिवळं. रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि कोणी 'उन्हात फिका पडला' म्हणून तक्रार केली तर तो कपडा आठवडाभर कपाटात ठेवायला सांगा, निळा बराचसा परत येतो. भिंतीवर लावलेल्या चित्रालाही हेच. फक्त चुन्याच्या भिंतीला थेट चिकटवू नका, ओल आली की चुना निळा खातो.

तबकडी_७८

ही आणि इंजिनिअरांची ब्लू प्रिंट एकच का? आमच्याकडच्या जुन्या नकाशांना अमोनियाचा वास यायचा.

राखाडी_छटा

वास येणारा नकाशा म्हणजे अमोनिया प्रिंट, डायझो नावाच्या वेगळ्या रसायनांची. त्यात पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेषा. निळ्यावर पांढऱ्या रेषा असलेली ती खरी ब्लू प्रिंट, आणि हो, ती सायनोटाइपच. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली, पुढच्याच वर्षापासून वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे ठसे घेऊन पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्या वर्गातली पानं बरोबर जागी आहेत. नकाशांसाठी ती हर्शेल यांच्या मृत्यूनंतर, १८७०च्या दशकात चालू झाली. धातूच्या भागाची सपाटी तपासायला फिटर जो निळा चोपडतात तो प्रशियन ब्लूदेखील याच घराण्यातला.

वर्गासाठी सुरक्षिततेचं एवढंच: फेरिसायनाइड नावाला घाबरू नका, त्यातलं सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं. पण तीव्र आम्लात ते सुटू शकतं. म्हणून उरलेलं द्रावण संडास साफ करायच्या ॲसिडच्या जवळपासही नको. लिंबूफूल-व्हिनेगर चालतं. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, हातात मोजे, आणि वजन करताना पूड उडू देऊ नका. आज सांडलेला पिवळा थेंब दिसत नाही, उद्या उन्हात फरशी निळी.

दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवा, मिसळायचं त्या दिवसापुरतंच. फेरिसायनाइडचं महिनोन्‌महिने टिकतं. सायट्रेटच्या बाटलीत आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशीची साय धरते, विशेषतः जूननंतर. साय आली म्हणून फेकू नका, मलमलच्या दुहेरी कापडातून गाळून वापरा. मात्र द्रावण गढूळ-निळसर दिसलं तर ओतून द्या. पुढच्या वेळी ते ५० मिलीच करा, सायट्रेट १२.५ ग्रॅम. प्रमाण तेच, वाया कमी.